सत्त्याण्णव गुणांची माळ

"माझ्यावर चोरीचा आळ आला असता तर बरं झालं असतं," खुर्चीत बसायच्या आधीच ती बाई म्हणाली. "चोराच्या हाती निदान काहीतरी लागतं."

भाऊजींनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो घेतला, पण ओठाला लावला नाही. चाळिशीच्या आतली, केस घाईने बांधलेले, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघायची सवय.

टेबलापलीकडे बसलेल्या वहिनींनी चष्मा कपाळावर सरकवला. कोणी नीट बोलायला लागलं की त्या चष्मा काढायच्या. ऐकायला चष्मा लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. त्यांची सगळी नोकरी परीक्षा मंडळात गेली. दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवायच्या आणि कोणी कोणाचं बघून लिहिलं ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत खासगी तपासाचं ऑफिस थाटलं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने भाऊजीच हसले होते. भाऊजींचा स्वतःचा जन्म औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराबाहेर ताटकळण्यात गेला होता. आता ते वहिनींची गाडी चालवायचे, आणि वहिनींना जे केव्हाच कळलेलं असे ते अर्ध्या तासाने विचारायचे.

"प्रयोगशाळेत मला गुणवाली म्हणतात," बाई सांगू लागली. "म्हणायचे. मी लिहिलेला प्रोग्राम गुण देतो म्हणून."

"कोणाला?" भाऊजींनी विचारलं.

"माळांना. रक्तातली प्रथिनं कापली की त्यांचे छोटे तुकडे होतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. तुम्ही मण्यांची माळ समजा. मणी वीसेक प्रकारचे, बहुतेकांचं वजन वेगळं. आमचं मशीन माळ तोडतं आणि तुकड्यांची वजनं देतं. त्या वजनांवरून मूळ माळ ओळखायची. ओळख किती भरवशाची, त्याचे गुण."

"आणि प्रोग्रामनेच थापा मारल्या तर?" वहिनी म्हणाल्या.

बाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा उजेड आला. "म्हणून मी त्याला मुद्दाम बनावट, निरर्थक माळाही देते. बनावट माळांना जास्तीत जास्त जेवढे गुण मिळतात, तिथे माझी रेघ. पन्नाशीच्या आसपास येते. रेघेच्या वर असेल तेच खरं मानायचं. इतर लोक माहीत असलेल्या माळांची यादी समोर ठेवून जुळवतात. माझा प्रोग्राम यादीशिवाय वाचतो. म्हणजे आजवर कोणीच न पाहिलेली माळही सापडू शकते."

"सापडली?"

"सापडली. तिथेच घात झाला."

मग तिने सगळं सांगितलं. संस्थेच्या फ्रीजरमध्ये फार मोलाचं रक्त होतं. ते दिलं तेव्हा ती माणसं ठणठणीत होती. पुढे काही वर्षांनी त्यांतल्या काहींना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला, आणि त्यातले जवळजवळ सगळे गेले. आजार होण्याआधीच्या रक्तात त्याची चाहूल देणारी एखादी माळ सापडते का, हे तिला शोधायचं होतं. दोन वर्षं रेघेच्या वर काही येईना. सरांनी, म्हणजे संस्थेच्या संचालकांनी, सांगून टाकलं की ही शेवटची खेप, नाहीतर विभाग बंद. आणि त्याच शेवटच्या खेपेला एक माळ वर आली. सत्त्याण्णव गुण. पुढे आजारी पडलेल्या प्रत्येकाच्या रक्तात होती, निरोगी राहिलेल्या एकाच्याही नव्हती.

"यादीत नव्हती, पण माझ्या पद्धतीचं कौतुक तेच तर होतं. पेपरात फोटो आले. हार तेवढा बाकी होता. मग दुसऱ्या एका संस्थेने आपल्याकडच्या रुग्णांचं रक्त तपासलं. माळ नाही. मग त्यांनी मुळापासून बघितलं, तर ती माळ माणसाच्या शरीरात बनूच शकत नाही. म्हणजे ती कोणीतरी बाटल्यांत घातली. फायदा कोणाचा? माझा. चौकशी समितीने अर्ध्या दिवसात निकाल लावला."

"घरचे काय म्हणतात?"

"सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यांना काही सांगितलेलं नाही. नवरा औषधांच्या कंपनीत केमिस्ट आहे. तो म्हणतो, झालं गेलं विसर, आपण दुसऱ्या गावी जाऊ. मी म्हटलं, मी नाही केलं ते विसरू कशी?"

ती गेल्यावर भाऊजींनी तिने ठेवलेला अहवाल उचलला. वरच ती माळ छापलेली होती. मण्यांची नावं एकेका अक्षराने लिहिलेली: टी, मग एक तारा, व्ही, ए, पुन्हा एक तारा, पी, डी, के. ताऱ्यांची तळटीप खाली असेल म्हणून भाऊजींनी पान उलटून बघितलं. नव्हती.

"वहिनी, मला विचाराल तर बाईनेच केलंय. फायदा तिचाच."

"केलं असतं तर ती माझ्याकडे कशाला आली असती?"

"धूळ फेकायला."

"भाऊजी, जिचं सगळं होत्याचं नव्हतं झालंय ती आता धूळ फेकून काय वाचवणार? गाडी काढा."

*

मशीनवाला अगडबंब माणूस होता. बोलता बोलता तो मशीनवर हात फिरवायचा, गाईच्या पाठीवर फिरवावा तसा.

"बाटल्या कोणीही हाताळू शकायचं," तो म्हणाला. "फ्रीजरच्या खोलीला दिवसा कुलूप नसतं. आजारी पडलेल्यांचा ट्रे वेगळा, निरोगी लोकांचा वेगळा, दोन्हींवर मोठी लेबलं. आंधळ्यालाही कळलं असतं."

"तुम्हाला काही विचित्र वाटलं नाही?"

त्याचा हात थांबला. "वाटलं ना. रक्तातली माळ तुटते तेव्हा निम्मे तुकडे गायब असतात. कचराही फार. बाईंच्या प्रोग्रामला म्हणून तर घाम फुटायचा. या माळेचा एकेक तुकडा हजर. आलेख असा की पाठ्यपुस्तकात छापावा. आणि त्याची उंची, म्हणजे माळेचं प्रमाण, सगळ्यांच्या रक्तात जवळपास सारखीच. सहा फुटी पैलवान काय आणि काडीपैलवान काय, सगळ्यांना एकाच मापाचा शर्ट."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो. सर म्हणाले, नशीब उघडलं की सगळंच स्वच्छ दिसतं. समितीने मला विचारलंच नाही." तो जरा ओशाळला. "आणि बाई इतक्या खूश होत्या. ते गुण आले त्या संध्याकाळी त्यांचे मिस्टरही इथेच होते. रोज न्यायला यायचे ना. बाईंना उशीर झाला की मला ट्रे भरायला हातभार लावायचे. फार सज्जन माणूस. बाईंपेक्षा त्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं."

"ती माळ पाठ आहे तुम्हाला?"

"टी, तारा, व्ही... पुढचं कागदावर बघावं लागेल."

सरांचं टेबल इतकं मोकळं होतं की तिथे कोणी काम करत असेल असं वाटेना. त्यांनी वहिनींना बसा म्हटलं, पण स्वतः उभेच राहिले.

"मी तिला मुलीसारखं मानलं," ते म्हणाले.

"मुलीला अर्ध्या दिवसात घराबाहेर काढलंत?"

भाऊजींनी खिडकीबाहेर बघितलं. वहिनींचं असं काही सुरू झालं की त्यांना खिडक्या फार आवडायच्या.

"संस्थेची अब्रू होती, बाई. माझा विभाग त्या शोधावर वाचला, हे मी नाकारत नाही. पण मी प्रयोगाच्या खोलीत पाऊल ठेवून वर्षं झाली. ती माळसुद्धा मला भाषणात कागद बघून वाचावी लागली. टी, तारा, काहीतरी, तारा. लोक हसले."

दाराबाहेर आल्यावर भाऊजी कुजबुजले, "यानेच केलंय. विभाग वाचला की!"

"सकाळी बाईने केलं होतं," वहिनी म्हणाल्या.

*

गुणवालीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार नवऱ्याने उघडलं. ती भाजी आणायला गेली होती. तो आतल्या खोलीत आईला चमच्याने पेज भरवत होता, तो वाडगा हातात घेऊनच बाहेर आला. शांत, मऊ आवाजाचा माणूस. भाऊजींना तो बघताक्षणी आवडला. अंथरुणावरच्या आईचं तोंड त्याने ज्या तऱ्हेने पुसलं, ते बघून भाऊजींना स्वतःच्या आईची शेवटची वर्षं आठवली आणि जरा लाजही वाटली.

"तुम्ही तिला समजवा," तो म्हणाला. "खणून काय मिळणार? ती झोपत नाही, जेवत नाही. ते दोन वर्षंही असंच होतं. रोज घरी येऊन तेच, रेघेच्या वर काही नाही, रेघेच्या वर काही नाही. शेवटी शेवटी तर नुसती भिंतीकडे बघत बसायची. मला बघवत नव्हतं."

"तुम्हाला कोणाचा संशय?"

"सरांचा. दुसरं कोण? विभाग बंद होत होता." त्याने वाडगा टेबलावर ठेवला. "त्या एका माळेने आमच्या संसाराची वाट लावली, बघा. टी, एल, व्ही, ए, आय, पी, डी, के. झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन."

आतून आईने हाक मारली. तो लगबगीने आत गेला. वहिनी कितीतरी वेळ त्या वाडग्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "निघू या, भाऊजी. तिची वाट नको बघायला."

खाली गाडीत बसल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. भाऊजींना वाटलं, दमल्या असतील.

*

शेवटचा उरला होता तो गुणवालीचा सहकारी. यादीवाला म्हणायचे त्याला. माहीत असलेल्या माळांच्या यादीशी जुळवायची जुनी पद्धत त्याची, आणि गुणवालीशी त्याचं हाडवैर सगळ्या संस्थेला ठाऊक होतं.

"ती बुडाली तेव्हा मला आनंद झाला का? झाला," त्याने विचारायच्या आधीच सांगितलं. "आठवडाभर टिकला. मग कळलं की आता भांडायला कोणी उरलं नाही."

"तिने केलं असं तुम्हाला वाटतं?"

"ती? बाई, ती एका गुणासाठी माझ्याशी महिनाभर भांडली आहे. आणि ते गुण कमी करायला, वाढवायला नव्हे."

वहिनींनी अहवाल पुढे केला. "हे तारे कसले?"

"तोच तिचा कर्मठपणा. एल आणि आय असे दोन मणी आहेत. वजन तंतोतंत सारखं. आमचं मशीन वजनच करतं, त्याला फरक कळायचा नाही. यादी असली तर यादीवरून कळतं. ही माळ यादीत नाही. दुसरा कोणी असता तर सवयीने एल ठोकून मोकळा झाला असता. ती म्हणाली, माहीत नाही तर माहीत नाही असं छापायचं. म्हणून तारा. ओळखायला वेगळी चाचणी लागते. ती करायच्या आतच बोभाटा झाला."

"बाटल्यांच्या तळाशी काही उरलं असेल?"

"थेंबभर."

"त्या थेंबाची ती चाचणी करा. आणि उत्तर मला फोनवर सांगू नका, सगळ्यांसमोर सांगा."

बाहेर येताच भाऊजी म्हणाले, "वहिनी, हाडवैर म्हणजे..."

"आता याने केलं का? भाऊजी, उद्यासाठी कोणीतरी ठेवा."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी संस्थेच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. सर, मशीनवाला, यादीवाला. गुणवाली नवऱ्याबरोबर आली आणि टेबलाच्या टोकाला बसली. आपल्याच ऑफिसात पाहुण्यासारखी.

वहिनींनी प्रस्तावना केली नाही.

"मी जन्मभर कॉपी पकडली. मुलगा चुकीचं उत्तर लिहितो त्याने काही कळत नाही. पण त्याच्यापाशी असूच शकत नाही असं बरोबर उत्तर लिहितो, तेव्हा विचारायचं की हे आलं कुठून. मशीनदादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की ही माळ रक्तातली वाटतच नव्हती. सगळे तुकडे हजर, सगळ्यांच्या रक्तात सारखं प्रमाण. म्हणजे कारखान्यात बनवलेली शुद्ध माळ कोणीतरी एकाच मापाने बाटल्यांत घातली. ज्याने घातली तो ही शंका स्वतःच्या तोंडाने सरांकडे घेऊन जाणार नाही. म्हणून मशीनदादा सुटले."

मशीनवाल्याने मोठा श्वास सोडला. खुर्ची करकरली.

"यादीवाल्यांना बाई बुडायला हव्या होत्या असं म्हणावं, तर बोभाटा त्यांनी नाही केला, परक्या संस्थेने केला. आणि ते स्वतःहून चाचणीला तयार झाले. राहिले सर."

सर ताठ झाले.

"सरांचा फायदा झाला खरा. पण आता त्या माळेकडे बघा. मशीनने वाचलेल्या माळेत दोन तारे आहेत, कारण मशीनला तिथला मणी ओळखता येत नाही. वाचणाऱ्याला तारा चालतो. बनवणाऱ्याला चालत नाही. माळ बनवायची तर तिथे एल तरी ओवावा लागतो, नाहीतर आय. म्हणजे साऱ्या जगात ते दोन मणी फक्त त्याला माहीत, ज्याच्या हातात ती माळ मशीनच्या आधी होती. मी सगळ्यांच्या तोंडून ती माळ ऐकली. मशीनदादा तारा म्हणाले. सर तारा म्हणाले. यादीवाल्यांनी तारा का, तेच समजावलं." त्या गुणवालीकडे वळल्या. "तुम्ही घरी ती कशी म्हणायच्या?"

"टी, तारा, व्ही..." ती म्हणाली आणि थांबली. तिचं डोकं कोणाहीपेक्षा जलद चालत होतं. भाऊजींना ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. कोणीतरी आतून एकेक दिवा मालवत जावा तसं.

"एकच माणूस पहिल्या ताऱ्याला एल म्हणाला आणि दुसऱ्याला आय," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "नुसती सवय असती तर दोन्हीकडे एल म्हणाला असता. एकाच खुणेला दोन वेगळी नावं, आणि तीही न अडखळता."

भाऊजींच्या डोळ्यांपुढे तो वाडगा आला.

"चाचणी काय म्हणते?" वहिनींनी विचारलं.

"पहिला एल," यादीवाला खाली बघत म्हणाला. "दुसरा आय."

नवऱ्याने नाकारलं नाही. त्याने बायकोचा हात धरायला हात पुढे केला, आणि तिने आपला हात मांडीवर घेतला. झटकला नाही, नुसता घेतला.

"कंपनीने सोडून दिलेल्या एका औषधाची माळ होती," तो म्हणाला. "कपाटात पडून होती. बाटल्यांपर्यंत जायला मला कोणी अडवलं नसतं. मला वाटलं, एकदा गुण मिळाले की तुला धीर येईल, विभाग वाचेल, मग तू खरं काहीतरी शोधशील आणि ही आपोआप मागे पडेल. पेपरात जाईल असं नव्हतं वाटलं. तुझ्यासाठी केलं गं."

"आणि समितीसमोर?" तिने विचारलं.

"तेव्हा सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. दोघांचीही गेली असती. आईचं कोण बघणार?"

"हो," ती म्हणाली. "आईचं कोण बघणार." मग अगदी सरळ आवाजात विचारलं, "तुला माझ्या पद्धतीत कधीच काही सापडेल असं वाटलं नव्हतं, ना?"

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. त्या खोलीत त्याहून स्पष्ट उत्तर कोणी दिलं नाही.

यादीवाल्याने घसा खाकरला. "मला एक सांगायचंय. न सांगितलं तर बरं होईल, पण मला जमणार नाही. चाचणीच्या निमित्ताने मी त्या शेवटच्या खेपेचे बाकीचे गुण बघितले. सत्त्याण्णव आल्यावर खाली कोणी बघितलंच नव्हतं."

गुणवालीने मान वर केली.

"एकसष्ट गुणांची एक माळ आहे. तुझ्या रेघेच्या बरीच वर. माणसाचीच, माझ्या यादीतही सापडते. कोणात कमी, कोणात जास्त, निम्मे तुकडे गायब, अगदी खऱ्या माळेसारखी. पुढे आजारी पडलेल्यांत आहे. निरोगी लोकांत नाही."

"म्हणजे शोध लागला होता!" भाऊजी अनावर होऊन म्हणाले. "मग आता..."

"आता काय?" यादीवाला कडवटपणे म्हणाला. "त्या बाटल्यांत बाहेरचं काहीतरी घातलं होतं, हे सगळ्या जगाला माहीत आहे. त्यातून निघालेलं काहीही कोण छापणार? रक्त संपलं. देणारी माणसं गेली. असा साठा पुन्हा जमवायचा तर ठणठणीत माणसांचं रक्त घेऊन ती आजारी पडायची वाट बघायची. दहा वर्षं, पंधरा वर्षं."

"एक संध्याकाळ," गुणवाली नवऱ्याला म्हणाली. "एक संध्याकाळ थांबला असतास."

सरांनी टेबलावरची घडी पडलेली जागा तळहाताने सारखी केल्यासारखं केलं. तिथे घडी नव्हती, कापडच नव्हतं. "समितीला हे कळवावं लागेल. तुमच्यावरचा आरोप मागे घेतला जाईल. लेखी. पण परत घेण्याचं म्हणाल तर..." ते चाचरले. "नवऱ्याने केलं म्हणजे हिला माहीत असणारच, लोक असंच म्हणणार. संस्थेला ते परवडायचं नाही. तुम्ही समजून घ्याल."

"मी सगळं समजून घेते, सर," ती म्हणाली. "त्याबद्दल प्रसिद्ध आहे मी."

ती उठली. मशीनवाला दाराशी जाऊन उभा राहिला. त्याने तिच्यासाठी दार उघडून धरलं.

भाऊजी आणि वहिनी आवारात आले तेव्हा ती नवरा-बायको आपल्या गाडीपाशी उभी होती. भाऊजींची खात्री होती की आता ती वेगळ्या दिशेने चालू लागेल. आईकडे, मैत्रिणीकडे, कुठेही. त्यांना तिला सोडायला जाण्याची तयारी ठेवावीशी वाटली. किल्ली हातात घेऊन ते दोन पावलं पुढे झाले.

वहिनींनी त्यांची बाही धरली. "थांबा."

"अहो, पण ती या माणसाबरोबर..."

"घर तिचंही आहे, भाऊजी. तिने कुठे जायचं?"

तिने भाऊजींकडे एकदा बघितलं. त्यांनी मान खाली घातली. तिचा आवाज आवारात स्पष्ट ऐकू आला. ती नवऱ्याशी बोलत होती, आणि रागावलेली वाटत नव्हती. त्याचंच भाऊजींना जास्त वाईट वाटलं.

"सासूबाईंना यातलं काही सांगायचं नाही. त्यांना तुझा फार अभिमान आहे."

तो रडत होता. त्याने पुढचं दार उघडून धरलं.

तिने मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.